कोळसा आधी उकिरड्यात, मग शेतात

एप्रिल-मे महिन्यात नांगरट उरकली की कोंबडखताच्या गाड्या शेतोशेती रिकाम्या होऊ लागतात. ऊस, द्राक्ष, डाळिंब, आलं, भाजीपाला, सगळ्यांनाच ते हवं असतं. नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, आणि शेणखतापेक्षा लवकर लागू पडणारं. घेताना आपण ओल पाहतो, तुसाचं प्रमाण पाहतो, दर पाडून घेतो. त्या कोंबड्यांना पाण्यातून कोणतं औषध दिलं होतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं, कारण जनावराच्या किंवा कोंबडीच्या पोटात गेलेलं प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, तिथेच संपत नाही. औषधागणिक फरक पडतो, पण साधारण ३० ते ९० टक्के औषध जसंच्या तसं किंवा थोड्या बदललेल्या रूपात शेण, मूत्र आणि विष्ठेवाटे बाहेर पडतं. पुढचा प्रवास आपणच घडवतो: गोठ्यातून उकिरड्यात आणि उकिरड्यातून शेतात.

हा अंश इतका थोडा असतो की त्याने पीक जळत नाही, मातीचा रंग-वास बदलत नाही. मातीतल्या जिवाणूंना मात्र तो जाणवतो. औषधाचा मारा थोडा पण सतत असला की साधे जिवाणू मागे पडतात आणि त्या औषधाला पुरून उरणारे वाढत जातात. ही ताकद ज्या जनुकांत असते ती एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतात, निरुपद्रवी जिवाणूकडून रोग करणाऱ्याकडेही. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध कोंबड्या, दुधा-मांसाची जनावरं, मत्स्यपालन आणि पशुखाद्य यांत वापरायला बंदी घातली ती याच धास्तीने. माणसांच्या उपचारात बाकी काही चालेनासं झालं की डॉक्टर ज्या औषधांकडे वळतात, त्यांपैकी ते एक आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ७.४ कोटी कोंबड्या आणि १.४ कोटी गाई-बैल होते. एवढ्या पशुधनाचं खत जिथे पडतं त्या मातीचा विचार आपण आज करायला हवा.

पिकंही यातून पूर्ण सुटत नाहीत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की औषधमिश्रित खत घातलेल्या मातीतून मका, पातीचा कांदा आणि कोबी यांनी क्लोरटेट्रासायक्लिन शोषून घेतलं. पुढे २००७ मध्ये मका, लेट्यूस आणि बटाट्यात सल्फामेथाझिनबाबतही तेच आढळलं. प्रमाण अत्यल्प होतं, त्यामुळे घाबरून भाजी टाकून देण्याचं कारण नाही. पण कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर यांसारख्या कमी दिवसांच्या आणि पाला किंवा मूळ खायच्या पिकांना कच्चं कोंबडखत घालू नये, एवढं यावरून मी ठामपणे सांगेन.

आता बायोचारकडे येऊ. काडी-कचरा मोकळ्या हवेत जाळला की राख उरते. तोच हवा कोंडून, कमी प्राणवायूत तापवला की कोळसा उरतो, आणि शेतीसाठी केलेल्या अशा कोळशाला बायोचार म्हणतात. चांगल्या कोळशात इतकी बारीक छिद्रं असतात की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग शंभर चौरस मीटरच्या पुढे जातो. टेट्रासायक्लिन, सल्फा, एनरोफ्लॉक्सासिन यांचे रेणू या छिद्रांत आणि कार्बनच्या थरांवर चिकटून बसतात. तिथे अडकलेलं औषध जिवाणूंना, मुळांना आणि पाझरणाऱ्या पाण्याला सहज मिळत नाही. बायोचारचं काम एवढंच: औषध धरून ठेवणं. ते नष्ट करणं हे त्याचं काम नव्हे.

हे ऐकून पुष्कळ शेतकरी विचारतात, एकरी किती टाकू? या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी हिशेब पाहा. प्रयोगांमध्ये बायोचार बहुधा मातीच्या वजनाच्या १ ते ५ टक्के घालतात. एका हेक्टरची वरची १५ सेंटीमीटर माती सुमारे २,००० टन भरते. तिचा एक टक्का म्हणजे २० टन, एकरी ८ टन कोळसा. एका एकरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या वाळून टनभर भरतात आणि नीट जाळल्या तर त्यांतून २०० ते २५० किलो कोळसा निघतो. म्हणजे एका एकराच्या मातीत एक टक्का कोळसा घालायला तीस-चाळीस एकरांच्या पऱ्हाट्या लागतील. लहान शेतकऱ्याने या वाटेला जाऊच नये. विकतचा कोळसा घेऊन तर मुळीच नाही.

तोच कोळसा खताच्या ढिगात घातला तर हिशेब पार पालटतो. औषधाचा अंश शेतभर पसरण्याआधी तिथे एका जागी गोळा झालेला असतो. ६० टक्के ओल असलेल्या एक टन खतात कोरडा भाग ४०० किलो. त्याच्या ५ ते १० टक्के म्हणजे २० ते ४० किलो कोळसा पुरतो. एका एकराच्या पऱ्हाट्यांतून निघालेला २०० किलो कोळसा निदान पाच टन खत सांभाळतो. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: औषधांच्या अंशासाठी बायोचार वापरायचा तर तो उकिरड्यात वापरा. शेतात तो खताबरोबर आपोआप जाईल.

औषध कोणतं, माती कोणती

सगळी प्रतिजैविकं सारखी वागत नाहीत आणि हे माहीत असलं की अर्धी मेहनत वाचते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन या कुळातली औषधं खतात आणि मातीत लवकर मोडतात. त्यांची चिंता कमी. ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि त्याची भावंडं मातीच्या चिकण कणांना घट्ट धरून बसतात. नीट तापलेल्या कंपोस्टमध्ये मात्र ती बऱ्याच अंशी मोडतात. एनरोफ्लॉक्सासिन सगळ्यांत चिवट. तेही मातीला घट्ट चिकटतं, पण उष्णतेलाही सहज दाद देत नाही आणि मातीत दीर्घकाळ राहतं. ते मोडून तयार होणारं सिप्रोफ्लॉक्सासिन हे तर माणसांचंच औषध आहे. सल्फा गटाची औषधं याच्या उलट. माती त्यांना फारशी धरत नाही, ती पाण्याबरोबर खाली झिरपतात आणि विहिरीपर्यंत जाऊ शकतात.

आपल्या पठारावरच्या काळ्या मातीत फुगणारी-आकसणारी चिकण माती भरपूर असते. टेट्रासायक्लिन आणि एनरोफ्लॉक्सासिन धरण्याचं काम ती स्वतःच करते, त्यामुळे अशा रानात त्या दोन गटांसाठी कोळशाचा वेगळा फायदा कमी दिसेल. सल्फासाठी कोळशाची गरज असते, पण तिथे वेगळी अडचण उभी राहते. काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. इतक्या विम्लतेत सल्फाच्या रेणूंवर ऋण भार येतो, कोळशाच्या पृष्ठभागावरही ऋण भारच असतो, आणि मग दोघांची पकड सैल होते. म्हणून काळ्या रानाच्या शेतकऱ्याने सल्फाचा बंदोबस्त मातीत होईल अशी आशा धरू नये. तो कंपोस्टच्या उष्णतेत करून घ्यावा. मुरमाड, हलक्या, वाळूसर जमिनीत कोळशाचा फायदा सगळ्यांत जास्त, कारण तिथे औषध धरायला दुसरं काहीच नसतं. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत तर कोळशाची विम्लताही उपयोगी पडते.

कोळसा कसा करावा

कच्चा माल म्हणून पऱ्हाट्या, तुराट्या, वेड्या बाभळीच्या फांद्या, बांबूचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, काहीही चालेल. मात्र तो कडकडीत वाळलेला हवा. ओलं लाकूड धूर करतं आणि कोळशात डांबरासारखं तेल सोडतं. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या मी टाळायला सांगतो. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीतलं तांबं त्यांवर साचलेलं असतं, ते जळून जात नाही आणि कोळशात अधिकच घट्ट प्रमाणात उरतं. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिकची सुतळी, ठिबकच्या नळ्या यांतलं काहीही जाळात जाता कामा नये. कपाशीच्या पट्ट्यात आणखी एक लाभ आहे. बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. फरदड न घेता पऱ्हाट्या उपटून, वाळवून वेळेत कोळसा केला तर तिचा तो आसराही मोडतो.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे खड्डा. वर चार-साडेचार फूट रुंद, खाली निमुळता, दोन-अडीच फूट खोल. मधोमध बारीक काड्यांची चळत रचा आणि ती वरून पेटवा. खालून पेटवू नका. निखारे तळाशी पसरले की त्यांवर काड्यांचा पातळ थर द्या. या थरावर राखेची पांढरी झाक दिसू लागली की लगेच पुढचा थर. खड्डा भरेपर्यंत असंच. वरची ज्योत येणारा प्राणवायू खाऊन टाकते, त्यामुळे खालचा कोळसा जळून राख होत नाही, आणि तीच ज्योत धूरही जाळून टाकते. धूर दिसला तर समजावं की थर जाड झाला किंवा माल ओला आहे. अशा ज्योतीखाली उष्णता साडेसहाशे-सातशे अंशांपर्यंत जाते आणि औषध धरण्यासाठी असाच कोळसा लागतो. तीन-साडेतीनशे अंशांत झालेला कोळसा या कामात कमी पडतो. शेवटच्या थरावर पांढरी झाक आली की पाणी ओतून पूर्ण विझवा. पाण्याची टंचाई असेल तर ओली माती टाकून चारी बाजूंनी दाबून बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने ड्रमच्या आकाराची, हलवता येणारी भट्टीही तयार केली आहे. गटाने मिळून काम करायचं असेल तर ती पाहण्याजोगी आहे.

वारा असताना, गंजीजवळ किंवा गोठ्याजवळ हे काम करू नका. विझलेला दिसणारा कोळसा रात्री पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो पसरून, ओला करून ठेवा. कुटतानाही ओलाच कुटा आणि नाका-तोंडाला फडकं बांधा, कारण ही धूळ फुप्फुसाला वाईट. तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे असावेत. कोळसा नीट झाला की नाही हे हातावर कळतं. चोळल्यावर काळा झालेला हात नुसत्या पाण्याने धुऊन निघाला तर कोळसा चांगला. हात तेलकट राहिला, साबण लागला, तर तो कोळसा पुन्हा जाळात घाला.

गुऱ्हाळाच्या चुलवाणातली किंवा साखर कारखान्याच्या बॉयलरची राख फुकट मिळते, ती चालेल का, असं विचारलं जातं. राखेत औषध धरणारा कार्बन फार थोडा उरलेला असतो आणि विम्लता मात्र भरपूर असते. या कामासाठी ती नको.

ढिगात मिसळणं

कोंबडखत किंवा ताजं शेण शेतात थेट न टाकता कंपोस्ट करायचंच, हे गृहीत धरून पुढे जाऊ. कोळशाविना कंपोस्ट केलं तरी फायदा होतो. कंपोस्टविना नुसता कोळसा टाकला तर फायदा अर्धवट राहतो. दोन्हींतलं एकच जमणार असेल तर कंपोस्ट निवडा.

ढीग निदान चार फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद हवा, नाहीतर तो तापत नाही. खाली सोयाबीनचं भुसकट, पाचट किंवा तूस, त्यावर शेण किंवा कोंबडखत, त्यावर कोळशाचा भुगा, असे थर देत जा. टनाला २० ते ४० किलो हे माप लक्षात ठेवा. सुक्या भुग्याचं एक घमेलं साधारण तीन किलो भरतं, पण एकदा काट्यावर तोलून पाहा. मूठ आवळली तर ओल जाणवावी, पाणी मात्र टपकू नये. आतली उष्णता ५५ अंशांच्या वर जाऊन काही दिवस टिकली पाहिजे. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई ढिगाच्या पोटात दहा-पंधरा मिनिटं ठेवून बाहेर काढा. ती हातात धरवली नाही तर ढीग तापला आहे. दहा-बारा दिवसांनी उलथापालथ करा, बाहेरचा भाग आत जाऊ द्या, असं तीन-चार वेळा. अडीच-तीन महिन्यांत खत तयार होतं. कोळसा अमोनिया धरून ठेवत असल्यामुळे वास कमी येतो आणि उडून जाणारं नत्र बरंचसं वाचतं. औषधांच्या अंशाकडे ज्यांचं लक्ष जात नाही त्यांनाही हा फायदा पहिल्याच ढिगात कळतो.

कोळसा सुरुवातीपासून ढिगात राहिल्यामुळे आणखी एक गोष्ट साधते. ताजा, कोरा कोळसा थेट मातीत टाकला तर तो आधी तिथलं नत्र खेचतो आणि पीक काही आठवडे पिवळं पडू शकतं. ढिगात मुरलेल्या कोळशाचा हा त्रास होत नाही.

शेडमधून निघालेली, वारंवार औषध झालेल्या कोंबड्यांची कोरडी लिटर असेल आणि कंपोस्टला जागा-वेळ नसेल, तर तिचाच कोळसा करणं हाही मार्ग आहे. त्या उष्णतेत औषधही मोडतं आणि प्रतिकाराची जनुकंही. पण नत्राचा मोठा भाग निघून जातो, राहतं ते स्फुरद आणि पालाश. मोकळ्या खड्ड्यात भुगा नीट जळत नाही, त्यासाठी बंद भट्टी लागते. म्हणून एकट्या शेतकऱ्यापेक्षा पोल्ट्रीवाल्यांच्या गटाने हे करावं.

आजारी जनावराचं शेण वेगळं

गाई-म्हशीच्या गोठ्यात सगळं शेण दूषित नसतं. कासदाह झाला, सडात ट्यूब सोडली किंवा इंजेक्शनचा कोर्स झाला, की त्या एका जनावराच्या शेण-मुतात काही दिवस औषध असतं. हे शेण वेगळ्या ढिगात घाला आणि त्या ढिगात कोळसा १० टक्क्यांच्या हिशेबाने वापरा. किती दिवस? पशुवैद्यकीय औषधाच्या वेष्टनावर दूध आणि मांसासाठी थांबायचा काळ छापणं २०१२ पासून बंधनकारक आहे. तो दिला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे, असा नियम आहे. दूध जितके दिवस बाजूला काढता, त्याहून आठवडाभर अधिक शेण वेगळं ठेवा, असा माझा सल्ला.

बाजूला काढलेलं ते दूध गटारीत किंवा स्लरीच्या टाकीत ओतू नका, वासरालाही पाजू नका. ते त्याच वेगळ्या ढिगात कोळशावर ओता. औषध सुरू असलेल्या जनावराचं शेण गोबरगॅसमध्येही घालू नका, गॅस तयार करणारे जिवाणूच त्याने दबू शकतात. आणि जीवामृतासाठी तर असं शेण-गोमूत्र कधीही घेऊ नये. जीवामृत म्हणजे जिवाणूंची वाढ. त्यात प्रतिजैविक असेल तर आपण औषधाला न जुमानणारे जिवाणू निवडून, गूळ-बेसन खाऊ घालून वाढवतो आणि पाण्यासोबत रानभर सोडतो.

इतकं सगळं केल्यावरही कोळशाकडून किती अपेक्षा ठेवायची ते सांगायला हवं. दरवर्षी औषधाने भरलेलं खत येत राहिलं तर कोळशाच्या जागा भरत जातात. धरलेलं औषध पुढे थोडं थोडं सुटूही शकतं. एनरोफ्लॉक्सासिनसारखं चिवट औषध तर कोळशावर अडकून शेतातच राहतं. कोंबड्यांच्या खाद्यातून येणारं तांबं आणि जस्तही प्रतिकारक जिवाणूंना पोसतं; कोळसा या धातूंना बांधतो, संपवत नाही. शिवाय कोळसा तणनाशकंही धरतो. सोयाबीन-कपाशीत उगवणीपूर्व तणनाशक मारणाऱ्यांनी कोळसायुक्त खत आणि फवारणी एकाच वेळी आणू नये, नाहीतर तणनाशकाचा परिणाम उतरेल. चुनखडीच्या रानात आधीच लोहाची कमतरता असते, पानं शिरांमध्ये पिवळी पडतात. तिथे कोळसा वाढवत नेऊ नका. वर्षाआड मातीचा सामू आणि क्षारता तपासून घ्या. मातीत गेलेला कोळसा पुढच्या पिढ्यांपर्यंत तिथेच राहतो, तो परत काढता येत नाही.

म्हणून खरी बचत गोठ्यातच आहे. धारेआधी आणि धारेनंतर सड स्वच्छ करणं, धार काढल्यावर जनावर थोडा वेळ उभं ठेवणं, बसायची जागा कोरडी ठेवणं, यानेच कासदाहाची कितीतरी प्रकरणं टळतात. दगडी, म्हणजे कासदाह, धरल्यावर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सुचवतं: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना. दुखणं सुरू होताच पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली तो करून पाहावा. औषध लागलंच तर ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं, पूर्ण मात्रेत आणि पूर्ण दिवस. दुकानातून स्वतःहून आणलेली बाटली, शेजाऱ्याची उरलेली ट्यूब, कोंबड्यांच्या पाण्यात 'खबरदारी म्हणून' टाकलेली पुडी हे बंद झालं तर उकिरड्यातला निम्मा प्रश्न तिथेच मिटेल. खत आणि मातीच्या शंकांसाठी जवळचं कृषी विज्ञान केंद्र आहे, औषधांच्या शंकांसाठी नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं आहेत. तिथे जाऊन विचारा.

यंदा कोंबडखत ठरवताना विक्रेत्याकडून त्या बॅचला दिलेल्या औषधांची नावं लिहून घ्या. तो सांगायला तयार नसेल तर दुसरीकडे घ्या. आणि तुमच्या गोठ्यात पुढचं इंजेक्शन होईल त्या दिवशी औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख भिंतीवर खडूने लिहा, म्हणजे शेण उचलणाऱ्यालाही ते कोणत्या ढिगावर टाकायचं हे कळेल.